लेफ्ट टर्न घेताना धडक झाली, तर दोष कोणाचा?

महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या माणसाला डावं वळण कधी अवघड वाटत नाही. तिथे आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळे डावीकडे वळताना समोरची वाहनं आपल्या वाटेत येत नाहीत. जपावं लागतं ते उजवीकडे वळताना. अमेरिकेत हे उलट आहे. इथे लेफ्ट टर्न घ्यायचा म्हणजे समोरून येणाऱ्या दोन-तीन लेन कापून पलीकडे जायचं. एनएचटीएसए या इथल्या केंद्रीय रस्तासुरक्षा संस्थेनं २०१० साली चौकांतल्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे २२ टक्के अपघातांत निर्णायक घटना डावीकडे वळण्याची होती, तर उजवीकडे वळण्याची जेमतेम एक टक्का.

अशी धडक झाली की आपल्या मंडळींत दोन मतं लगेच ऐकू येतात. एक म्हणतं, 'लेफ्ट टर्न घेणाराच नेहमी दोषी.' दुसरं म्हणतं, 'समोरचा सुसाट होता, आपली काही चूक नाही.' दोन्ही मतं अर्धी खरी आहेत, आणि अर्ध्या सत्यावर विसंबल्यामुळे माणसं हक्काचे पैसे सोडून देतात किंवा नको ते कबूल करून बसतात. म्हणून दोष खरोखर कसा ठरतो आणि आपण काय करायचं, हे नीट समजून घेऊ. मुख्य आधार कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा घेतला आहे. इतर राज्यांतले महत्त्वाचे फरक पुढे दिले आहेत.

मूळ नियम काय सांगतो

कॅलिफोर्नियाच्या व्हेईकल कोडचं कलम २१८०१ या विषयाचा कणा आहे. डावीकडे वळणाऱ्यानं किंवा यू-टर्न घेणाऱ्यानं समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला आधी जाऊ दिलं पाहिजे. वळण पूर्ण होईपर्यंत ज्या वाहनापासून धोका संभवतो, असं प्रत्येक वाहन त्यात आलं. वळण पुरेशा सुरक्षितपणे घेता येईल तोवर थांबून राहणं ही त्याची जबाबदारी आहे. यामुळेच अशा अपघातात संशयाची सुई आधी वळणाऱ्याकडे जाते. समोरचा सरळ जात होता, तुम्ही त्याच्या वाटेत आलात, इथून विचार सुरू होतो. नियम मोडल्यामुळे अपघात झाला असं दिसलं, तर कोर्टही निष्काळजीपणा गृहीत धरू शकतं आणि तसं नव्हतं हे दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो.

याच कलमाचा दुसरा भाग मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. वळणाऱ्यानं योग्य तेवढा वेळ थांबून, इंडिकेटर देऊन वळायला सुरुवात केली असेल, तर त्यानंतर समोरून येणाऱ्यांनी त्याला वाट द्यायची आहे. म्हणजे सरळ जाणाऱ्याचा अग्रहक्क अमर्याद नाही. त्यालाही समोर पाहायचं आहे, वेग परिस्थितीला साजेसा ठेवायचा आहे आणि टाळता येणारी धडक टाळायची आहे. इंडिकेटरचंही माप ठरलेलं आहे. वळण्याआधीच्या शेवटच्या १०० फुटांत तो सतत चालू असायला हवा.

दोष टक्क्यांत मोजला जातो, हे कुठून आलं

कॅलिफोर्नियात ही गोष्ट एका लेफ्ट टर्नमधूनच जन्माला आली. नोव्हेंबर १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या अल्व्हाराडो स्ट्रीटवर, थर्ड स्ट्रीटच्या चौकाजवळ, एका महिलेनं पेट्रोल पंपात शिरण्यासाठी समोरच्या तीन लेन ओलांडत गाडी डावीकडे घेतली. समोरून यलो कॅब कंपनीची टॅक्सी साधारण ३० मैलांच्या वेगानं चौकात शिरली आणि तिच्या गाडीच्या मागच्या उजव्या भागावर आदळली. सिग्नल पिवळा होता. खालच्या कोर्टानं दोघांचीही चूक मानली: टॅक्सीचा वेग त्या क्षणी असुरक्षित होता, आणि टॅक्सी धोकादायकरीत्या जवळ आलेली असताना महिलेनं वळण घेतलं होतं. पण त्या काळच्या नियमानुसार जखमी माणसाची स्वतःची थोडी जरी चूक असली, तरी त्याला भरपाई मिळत नसे. त्यामुळे तिला काहीच मिळालं नाही.

प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १९७५ मध्ये 'ली विरुद्ध यलो कॅब' या निकालात कोर्टानं तो जुना नियम मोडीत काढला. ज्याची जितकी चूक, तितकाच त्यानं भार उचलायचा, हे तत्त्व आलं. आज कॅलिफोर्नियात तुमचा दोष ७० टक्के ठरला, तरी तुमच्या नुकसानीच्या ३० टक्के रक्कम समोरच्याकडून मागता येते. नुकसान २०,००० डॉलर असेल, तर ६,००० डॉलर. उलट बाजूनं पाहा: समोरच्याचा क्लेम आला आणि तुमचा दोष ७० टक्के ठरला, तर त्याच्या संपूर्ण नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

म्हणून 'चूक कोणाची' एवढं विचारून भागत नाही. 'कोणाची किती, आणि ते कशावरून' असं विचारायला हवं. प्रत्येक दहा टक्क्यांमागे खरे पैसे असतात, आणि ते दहा टक्के पुराव्यानं हलतात.

सरळ येणाऱ्याचा वाटा कधी वाढतो

वेग. सर्वांत जास्त वाद यावर होतात आणि इथे साधं गणित कामी येतं. ताशी ४० मैलांनी येणारी गाडी सेकंदाला सुमारे ५९ फूट कापते. ताशी ६० मैलांनी येणारी ८८ फूट. तुमच्या वळणाला चार सेकंद लागतात असं धरा. समोरची गाडी ३५० फुटांवर असताना तुम्ही वळायला लागलात. रस्त्याची मर्यादा ४० ची आहे आणि ती गाडी मर्यादेत असेल, तर चार सेकंदांत ती साधारण २३५ फूट येईल. तुम्ही पलीकडे पोचाल तेव्हाही तिच्यात आणि तुमच्यात शंभराहून जास्त फूट उरतील. तीच गाडी ६० नं येत असेल, तर चार सेकंदांत ती नेमकी तुमच्यावर येऊन आदळते. दूरवरच्या गाडीचा वेग डोळ्यांनी नेमका जोखता येत नाही, त्यामुळे तुमचा अंदाज वाजवी होता आणि त्याचा वेग बेकायदा होता, असं इथे म्हणता येतं. पण हे आकडे सिद्ध करावे लागतात. 'तो खूप जोरात होता' हे वाक्य एकट्यानं काही सिद्ध करत नाही.

लाल सिग्नल तोडणं. समोरचा लाल लागल्यावर चौकात शिरला असेल, तर मोठा दोष त्याचा. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅलिफोर्नियात पिवळा सिग्नल असताना चौकात शिरणं बेकायदा नाही. पिवळा म्हणजे आता लाल होणार असल्याचा इशारा. त्यामुळे 'तो पिवळ्यात आला' एवढ्यावर तुमची सुटका होत नाही. पिवळा झाला की समोरचा थांबेलच असं धरून वळणं, हे लेफ्ट टर्नच्या अपघातांचं अगदी नेहमीचं कारण आहे.

फसवा इंडिकेटर. समोरच्यानं उजवीकडे वळण्याचा इंडिकेटर लावला, तुम्ही त्यावर विश्वास ठेवून वळलात आणि तो सरळ आला, तर त्याचा वाटा वाढतो. त्याचा वेगही कमी होताना दिसला का, हे मात्र तुम्हाला विचारलं जाईल. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर विसंबणं पुरेसं मानलं जाईलच असं नाही.

लक्ष नसणं. फोनवर बोलणं किंवा मेसेज पाहणं, रात्री हेडलाइट बंद असणं, दारू पिऊन चालवणं, अचानक लेन बदलून समोर येणं, हे सगळं टक्केवारीत मोजलं जातं.

सिग्नल कोणता होता, हे आधी ठरवा

साधा गोल हिरवा दिवा तुम्हाला वळायची परवानगी देतो, अग्रहक्क देत नाही. समोरच्यालाही तेव्हा हिरवाच असतो. हिरवा बाण असेल, तर समोरच्याला लाल असतो आणि बाजू तुमच्याकडे झुकते. तुमच्याकडे बाण होता हे सिद्ध झालं, तर समोरच्यानं लाल तोडला हे आपोआप पुढे येतं. लुकलुकणारा पिवळा बाण गेल्या काही वर्षांत अनेक चौकांत दिसू लागला आहे. त्याचा अर्थ 'समोरच्यांना आणि पादचाऱ्यांना जाऊ देऊन मग वळा' असा आहे. नवीन आलेले कित्येक जण त्याला हिरव्या बाणासारखं समजतात आणि तिथेच घात होतो.

चौकात शिरून वाट पाहत असताना सिग्नल लाल झाला, तर नियमानं शिरलेल्या गाडीला वळण पूर्ण करता येतं. आडव्या रस्त्यावर नुकता हिरवा मिळालेल्यांनी तिला बाहेर पडू द्यायचं असतं. फक्त पलीकडे जागा नसताना चौकात शिरू नका, कारण चौक अडवणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि बाहेर पडतानाही समोरचा शेवटच्या क्षणी लाल तोडून येत नाही ना, हे पाहूनच गाडी हलवा.

आणखी एक सापळा सांगतो. समोरच्या पहिल्या लेनमधला चालक भलेपणानं थांबतो आणि हातानं 'जा' असं खुणावतो. तुम्ही वळता, आणि त्याच्या पलीकडच्या लेनमधून न थांबलेली गाडी येऊन धडकते. त्याची खूण म्हणजे सगळ्या लेनची परवानगी नव्हे. बहुतेक वेळा मोठा दोष तुमच्याच पदरात पडतो. प्रत्येक लेन स्वतःच्या डोळ्यांनी मोकळी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोटरसायकल तर मोठ्या गाडीच्या आड पूर्ण झाकली जाते. वळून ज्या रस्त्यावर जायचं, तिथला क्रॉसवॉकही आधीच पाहून घ्या. समोरच्या गाड्यांवर नजर खिळली की चालत जाणारा माणूस दिसत नाही, आणि असा अपघात पैशांत भरून निघत नाही.

धडकेनंतरचा पहिला अर्धा तास

सगळ्यात आधी माणसं. कोणी जखमी असेल, तर ९११ ला फोन करा. अपघातानंतर न थांबता निघून जाणं हा गुन्हा आहे, चूक कोणाचीही असो. किरकोळ धडक असेल आणि गाड्या चालण्याजोग्या असतील, तर त्या बाजूला घ्या. आपल्याकडे पंचनामा होईपर्यंत गाडी न हलवण्याची सवय असते, म्हणून सांगतो: कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की अशा वेळी गाडी बाजूला घेतल्यानं दोषाच्या प्रश्नावर काहीही परिणाम होत नाही. धोका नसेल, तर हलवण्याआधी चार फोटो मात्र काढून घ्या.

फोटो काढताना नुसती स्वतःची चेपलेली बाजू टिपू नका. पुढील गोष्टी हव्यात:

- दोन्ही गाड्या कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून थांबल्या, ते दाखवणारे लांबून काढलेले फोटो.
- रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, काचा, तुटलेले तुकडे. धडक नेमकी कुठे झाली, हे बऱ्याचदा यावरून कळतं.
- चारही बाजूंचे सिग्नल, बाण आहे की नाही, वेगमर्यादेची पाटी, लेनवरच्या खुणा.
- तुमच्या जागेवरून समोर काय दिसत होतं: झाडी, उभा ट्रक, रस्त्याचा चढ, डोळ्यांवर येणारं ऊन.
- दोन्ही गाड्यांचं नुकसान जवळून, आणि समोरच्याचं लायसन्स, नंबर प्लेट, इन्शुरन्सचं कार्ड.

नुकसान कुठे झालं, यातून बरंच काही वाचता येतं. समोरच्या गाडीचं नाक तुमच्या गाडीच्या उजव्या बाजूला अगदी मागे लागलं असेल, तर तुमचं वळण जवळजवळ पूर्ण झालं होतं, समोरच्याला पाहायला आणि ब्रेक लावायला वेळ होता, असा युक्तिवाद करता येतो. तुमच्या गाडीचं नाक त्याच्या बाजूला घुसलं असेल, तर तो आधीच तुमच्यासमोर पोचला होता आणि तुम्ही त्याच्या अंगावर गेलात, असं चित्र उभं राहतं. यातलं काहीच एकट्यानं निर्णायक नसतं, पण इन्शुरन्स कंपनीतर्फे क्लेम तपासणारा अ‍ॅडजस्टर सर्वांत आधी हेच पाहतो.

साक्षीदार थांबवा. दोन चालक एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतात तेव्हा तिसऱ्या माणसाचं एक वाक्य पारडं फिरवतं. नाव आणि फोन नंबर घ्या, 'सिग्नल कोणता होता ते तुम्ही पाहिलंत का?' एवढं विचारा. पोलीस येईपर्यंत लोक थांबत नाहीत.

कॅमेऱ्यांसाठी त्याच दिवशी हालचाल करा. कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप, दुकानं, घरांच्या दारांवरचे कॅमेरे, तिथून गेलेली बस. पुष्कळ ठिकाणी चित्रण काही दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. दुकानदाराला भेटा, चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती द्या. सिग्नलच्या खांबावर दिसणारे कॅमेरे बहुधा फक्त गाडी आली की नाही हे ओळखण्यासाठी असतात, चित्रण साठवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका. शहराच्या ट्रॅफिक विभागाकडून त्या चौकातल्या सिग्नलच्या वेळा मात्र मागता येतात.

गाडीतही एक मूक साक्षीदार असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत धडकेआधीच्या किमान पाच सेकंदांचा वेग आणि ब्रेक लावला होता का याची नोंद राहते. कॅलिफोर्नियात ही माहिती गाडीच्या मालकाची असते. इतरांना ती मिळवायची, तर त्याची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो. मोठी इजा झाली असेल आणि समोरच्याच्या वेगाचा वाद असेल, तर त्याची गाडी भंगारात जाण्याआधी वकिलाकडून ही नोंद जपून ठेवायची नोटीस पाठवा. वेगाचं ते गणित सिद्ध होतं ते अशा नोंदीवरच.

काय बोलावं, काय टाळावं

समोर माणूस कळवळत असताना गप्प उभं राहणं आपल्या स्वभावात नाही, आणि तसं राहायची गरजही नाही. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्याचं कलम ११६० अशा प्रसंगी दाखवलेल्या सहानुभूतीला संरक्षण देतं. 'तुम्हाला लागलं, फार वाईट वाटतं' हे वाक्य दोषाची कबुली म्हणून कोर्टात वापरता येत नाही. पण त्याच दमात 'माझीच चूक झाली, मी पाहिलंच नाही' असं म्हणालात, तर त्या भागाला संरक्षण नाही. मदत करा, विचारपूस करा, पाणी द्या. निष्कर्ष मात्र काढू नका. त्या क्षणी समोरच्याचा वेग, त्याचा सिग्नल, त्याचा फोन यांतलं काहीच तुम्हाला माहीत नसतं.

पोलिसांना खरं आणि नेमकं सांगा. 'मी लेनमध्ये थांबलो होतो, गोल हिरवा होता, दोन गाड्या जाऊ दिल्या, मग वळलो' असं क्रमानं बोला. जे आठवत नाही, ते आठवत नाही म्हणा. अंदाजानं फूट आणि सेकंद सांगू नका. भारतातून आलेले आई-बाबा गाडीत असतील आणि त्यांना इंग्रजीत बोलणं अवघड जात असेल, तर घाईत अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा दुभाषा मागायला सांगा. प्रवाशांचा दोष सहसा शून्य असतो, त्यामुळे त्यांना दोन्ही चालकांविरुद्ध दावा करता येतो. त्यांचा उपचाराचा खर्च कशातून भागेल, ते लगेच पाहा.

कागदपत्रं आणि मुदती

अपघातात कोणालाही इजा झाली किंवा कोणाचंही नुकसान १,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर १० दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे, एसआर-१ फॉर्म भरावा लागतो. चूक कोणाचीही असली आणि पोलीस रिपोर्ट झालेला असला, तरीही. हा फॉर्म न भरल्यास लायसन्स निलंबित होऊ शकतं. इजा झाली असेल आणि पोलीस जागेवर आलेच नसतील, तर २४ तासांत पोलिसांकडे लेखी रिपोर्ट द्यायचा असतो.

पोलीस रिपोर्टची प्रत जरूर घ्या, पण त्यातलं दोषाचं मत वाचून खचू नका किंवा निर्धास्तही होऊ नका. अधिकाऱ्यानं अपघात पाहिलेला नसतो, आणि कॅलिफोर्नियात हा रिपोर्ट खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. इन्शुरन्स कंपन्या मात्र त्याला वजन देतात. त्यात एखादी वस्तुस्थिती चुकली असेल, जसं की लेनची संख्या किंवा दिशा, तर दुरुस्तीसाठी लेखी विनंती करा.

इजेसाठी कोर्टात दावा करायची मुदत साधारण दोन वर्षं, गाडीच्या नुकसानीसाठी तीन वर्षं. सिग्नल बिघडलेला होता किंवा शहराच्या झाडानं पाटी झाकली होती, असं म्हणणं असेल, तर सरकारी संस्थेकडे सहा महिन्यांतच क्लेम दाखल करावा लागतो. ही मुदत चुकून कितीतरी खरे दावे वाया जातात.

इन्शुरन्स कंपनी काय करते

तुमच्या कंपनीला लगेच कळवा, ती पॉलिसीची अट असते. समोरच्याच्या कंपनीचा अ‍ॅडजस्टर फोन करून 'तुमचं म्हणणं रेकॉर्ड करू का?' असं गोड आवाजात विचारेल. त्याला तसं रेकॉर्डिंग द्यायला तुम्ही बांधील नाही. इजा झाली असेल, तर आधी सल्ला घ्या, मग बोला.

दोन्ही कंपन्या आपापली टक्केवारी काढतात आणि ती जुळेलच असं नाही. अ‍ॅडजस्टरनं फोनवर सांगितलेले '८० टक्के तुमचे' हा कोर्टाचा निकाल नव्हे, ती बोलणीची सुरुवात आहे. लेखी विचारा: हे कोणत्या पुराव्यावरून ठरवलं? मग फोटो, साक्षीदाराचं म्हणणं, सिग्नलची माहिती जोडून उत्तर द्या. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार कंपनीला पुरावा मिळाल्यावर ४० दिवसांत क्लेम मान्य की अमान्य ते सांगायचं असतं, किंवा आणखी वेळ का लागतो ते लेखी कळवायचं असतं. टाळाटाळ होत असेल, तर राज्याच्या इन्शुरन्स विभागाकडे तक्रार करा. दोष कोणाचा हे तो विभाग ठरवत नाही, पण कंपनीनं नियम पाळले का ते पाहतो.

५१ हा आकडा लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात तुमचा दोष किमान ५१ टक्के ठरला, तरच कंपनी तुम्हाला मुख्य दोषी चालक धरते, आणि त्याचा परिणाम पुढच्या प्रीमियमवर होतो. कंपनीनं हा निर्णय लेखी कळवायचा असतो. तो पटला नाही, तर फेरविचार मागा. ५५ चे ५० झाले तर भरपाईत थोडाच फरक पडतो, पण प्रीमियमवर तो काही वर्षं जाणवतो.

वाद फक्त गाडीच्या खर्चाचा असेल, तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. तिथे एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो आणि सुनावणीत वकील उभा राहत नाही. इजा मोठी असेल, तर मात्र वकील गाठा. बहुतेक जण मिळालेल्या रकमेतून, साधारण एक तृतीयांशाच्या आसपास, फी घेतात आणि पहिली भेट फुकट देतात.

राज्य बदललं की हिशोब बदलतो

मघाचंच उदाहरण घ्या: तुमचा दोष ७० टक्के, नुकसान २०,००० डॉलर. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, वॉशिंग्टन या राज्यांत ३० टक्के मिळू शकतात. न्यू जर्सी, टेक्सस, इलिनॉय, पेन्सिल्वेनिया, मॅसॅच्युसेट्स इथे दोष निम्म्याहून जास्त झाला की काहीच मिळत नाही. फ्लोरिडानंही २०२३ पासून हाच मार्ग धरला. जॉर्जियात तर बरोबर ५० टक्क्यांवरच दार बंद होतं. आणि व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा इथे अजूनही तो जुना नियम आहे: तुमची थोडीशी जरी चूक सिद्ध झाली, तरी साधारणपणे हाती काही लागत नाही. ली प्रकरणातल्या महिलेवर झाला तोच अन्याय त्या राज्यांत आजही होऊ शकतो. म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेत किंवा उत्तर व्हर्जिनियात राहणाऱ्यांनी 'थोडी चूक माझीही होती' हे वाक्य सहज बोलण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. खोटं बोलायचं नाही, पण तुम्हाला खात्री नसलेला दोष अंगावर ओढूनही घ्यायचा नाही.

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत उपचाराचा खर्च आधी तुमच्याच पॉलिसीतून जातो, दोष कोणाचाही असो. तिथे दोषाचा प्रश्न गाडीच्या नुकसानीला आणि मोठ्या इजेच्या दाव्याला जास्त लागू होतो.

अपघात होण्याआधी करायच्या गोष्टी

दोषाचा सगळा हिशोब धडकेनंतरचा आहे, तयारी मात्र आधीच करता येते. डॅशकॅम बसवा. हिरवा बाण होता की गोल हिरवा, हा वाद तो एका क्षणात मिटवतो. तुमचीच चूक असेल, तर तेही त्यात दिसेल. ते मान्य करून गाडी चालवा, म्हणजे हातही जपून चालेल.

पॉलिसी उघडून पाहा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सर्वांच्या इजेसाठी ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० झाली आहे. हॉस्पिटलमधल्या दोन-चार दिवसांतच ही रक्कम संपू शकते. समोरचा विमा नसलेला किंवा तुटपुंजा विमा असलेला निघाला, तर कामी येणारं कव्हरेज जरूर घ्या. सगळा दोष त्याचा ठरूनही त्याच्याकडे द्यायला पैसेच नसतील, तर तेवढाच आधार उरतो. आणि स्वतः विम्याशिवाय कधीही गाडी चालवू नका. कॅलिफोर्नियात विमा नसलेल्या चालकाला समोरच्याची चूक असतानाही वेदना आणि मनस्तापाची भरपाई सहसा मागता येत नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांना किंवा मित्राला गाडी देणार असाल, तर तुमची पॉलिसी त्यांना लागू होते का, हे एजंटाकडून लेखी विचारून ठेवा.

चौकात वाट पाहताना स्टिअरिंग सरळ ठेवा. चाकं आधीच डावीकडे वळवलेली असली आणि मागून धक्का बसला, तर गाडी थेट समोरच्या रांगेत ढकलली जाते. मागच्याच्या हॉर्नला घाबरून वळू नका. अपघात झाला, तर तो हॉर्न वाजवणारा तुमच्या दोषाचा एक टक्काही उचलणार नाही. रोजच्या वाटेवर बाण नसलेला, गर्दीचा लेफ्ट टर्न असेल, तर पुढच्या सिग्नलच्या चौकात वळा, नाहीतर तीन राइट टर्न घेऊन त्याच रस्त्याला लागा. यूपीएससारखी कंपनी आपल्या हजारो गाड्यांचे मार्ग आखताना लेफ्ट टर्न शक्य तितके टाळते. तुम्हीही आजच तुमच्या ऑफिसच्या आणि मुलांच्या शाळेच्या वाटेवरचे लेफ्ट टर्न आठवा, त्यांतला सर्वांत वाईट कोणता ते ठरवा, आणि उद्यापासून तो टाळा.